रविवारच्या चादरी

"ओढ की गं! एवढंच का बळ?" आई म्हणाली, आणि मी माझ्याकडच्या टोकाला आणखी एक पीळ देऊन मागे सरले.

मागच्या अंगणात आम्ही मायलेकी एक मोठी निळी चादर दोन टोकांना धरून उभ्या होतो. आईच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. तिला पिळता यायचं नाही, पण धरून ठेवणं मात्र पक्कं जमायचं. चादरीचं टोक ती मनगटाला गुंडाळायची, पाय रोवायची, आणि मी माझ्या बाजूनं पीळ देत जायची. पीळ तिच्यापर्यंत पोचला की पाण्याची धार सुटायची आणि खालच्या घमेल्यात पडायची. मनमाडला पाणी जमिनीवर सांडू द्यायची पद्धत नाही. तिथं नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक, त्यामुळे कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी कढीपत्त्याला असा त्याचा प्रवास चालतो.

"सासूबाई काय म्हणाल्या?" आईनं पलीकडून विचारलं.

"काय म्हणणार? 'आज पण?' म्हणाल्या."

"मंग?"

"मग म्हटलं, आईचं मशीन पाणी सोडत नाही. कपडे तसेच पाण्यात बसून राहतात. तिच्या हातून पिळवत नाही."

"मंग?"

"मग म्हणाल्या, जा बाई."

आई समाधानानं हसली आणि तिनं टोक आणखी घट्ट धरलं. आमच्या सगळ्या गोष्टी अशाच व्हायच्या, एका चादरीच्या अंतरावरून. समोरासमोर बसलो की आई गप्प व्हायची. चादर हातात आली की तिला कंठ फुटायचा.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मी येवल्याला दिलेली, एस.टी.नं तासाभराच्या अंतरावर. वडील गेल्यावर आई मनमाडच्या घरात एकटी राहिली. माझा मोठा भाऊ दिनकरदादा वापीला कारखान्यात होता. आईची बोटं वाकडी व्हायला लागली तसं त्यानं तिला कपडे धुण्याचं मशीन पाठवून दिलं. वरून झाकण उघडायचं, सगळं आपोआप करणारं. कपडे घुसळायचं, पाणी सोडायचं, मग गरगर फिरवून पिळून द्यायचं. दादाला वाटलं, प्रश्न मिटला.

पण मशीन रुसलं. घुसळायचं छान, पण पाणी सोडायची वेळ आली की नुसतं ऊंऽऽ करत बसायचं. पाणी उतरेना, म्हणून फिरेना. शेवटी आम्ही कपडे पाण्यातून उपसून काढायचो आणि अंगणात नेऊन पिळायचो. दुकानातून मेकॅनिक आला, तर त्याच्यासमोर मशीन शहाण्या मुलासारखं वागलं. पाणी सोडलं, गरगर फिरलं, टुंई करून थांबलं. तो गेला, आणि पुढच्या रविवारी माझ्यासमोर परत ऊंऽऽ.

"तुला पाहून रुसतं ते," आई म्हणायची.

मीही हसून सोडून द्यायची. खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. येवल्याच्या घरात रविवार म्हणजे पाहुणे, परातभर कणीक आणि दुपारी उष्ट्या भांड्यांचा ढीग. लग्न झालेल्या बाईला माहेरी जायला कारण लागतं, आणि माझं कारण मनमाडच्या मोरीत ऊंऽऽ करत उभं होतं.

पण त्या रविवारी गोष्ट वेगळी होती. आदल्याच आठवड्यात आईला आणि मला, दोघींनाही दादाचा फोन आला होता.

"मी रविवारी संध्याकाळच्या गाडीनं येतोय," तो म्हणाला होता. "मशीन चाललं तर ठीक. नाहीतर आईला घेऊन जातो. तू किती दिवस खेटे घालणार, शैला? तुझं घर आहे, संसार आहे."

त्याचं चुकत नव्हतं. पण वापीचं ते घर मी पाहिलं होतं. तिसरा मजला, दार कायम बंद, दोघं नवरा-बायको सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. खाली बोलायला गुजराती बायका, आणि आईला गुजरातीतलं 'केम छो'च्या पुढे काही येत नव्हतं. तिथं आई सुकून गेली असती. तिनं तोंडानं एकदाही 'नको' म्हटलं नव्हतं, पण दादाचा फोन आल्यापासून तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

निळी चादर दोरीवर टाकताना मी म्हटलं, "आज मी ते मशीन बघतेच. चालू केल्याशिवाय उठायचं नाही."

आई चिमटे लावत होती. तिचा हात थांबला.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"न कळायला काय झालं? वापीला जायचंय का तुला?"

"नाही," आई म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली. मग जरा वेळानं चिमटा लावत पुन्हा म्हणाली, "नाही गं बाई."

जेवणं झाली. मी टॉवेल, उशांचे अभ्रे आणि आईची दोन लुगडी असा दुसरा घाणा मशीनमध्ये टाकला आणि मोरीच्या दाराशी पाट घेऊन बसले. आई तिथंच उंबऱ्यापलीकडे चटई टाकून आडवी झाली, तोंडावर पदर घेऊन. संक्रांतीच्या आधीचे दिवस. वरच्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक चौकोन खाली आला होता आणि हळूहळू मशीनच्या पांढऱ्या अंगावर चढत होता. आत कपडे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वळत होते. घळ, घळ. मधेच थांबायचे, काहीतरी आठवल्यासारखे, आणि पुन्हा घळ, घळ. मोरीभर साबणाचा ऊबदार वास झाला. दूर स्टेशनात डबे जोडल्याचा आवाज आला आणि विरून गेला.

माझा कधी डोळा लागला कळलं नाही. स्वप्नात मी तीच निळी चादर धरून उभी होते, पण चादर संपतच नव्हती. ती अंगणातून घरात गेली होती, घरातून पुढच्या दारानं रस्त्यावर, आणि रस्त्यानं पार येवल्याच्या बाजूला. दुसऱ्या टोकाला कोण आहे ते दिसत नव्हतं. फक्त ओढ जाणवत होती, अगदी हलकी. मी ओढलं की तिकडून कुणीतरी ओढायचं. मला वाटत होतं, आता आपण सोडून चालणार नाही, सोडलं तर पलीकडचं माणूस पडेल. आणि त्याच वेळी हाताला गार लागत होतं, फार बरं वाटत होतं. सगळ्या गावाच्या वरून ती चादर चालली होती आणि तिच्यातून पाणी टपकत होतं, आणि लोक खाली घमेली घेऊन उभे होते.

टक् झालं आणि मी जागी झाले.

मशीन घुसळायचं थांबलं होतं. आता पाणी सोडायचं. ऊंऽऽ सुरू झालं. मी झाकण उघडलं. पाणी निवांत, वर फेसाची साय, हलायचं नाव नाही. उन्हाचा चौकोन आता पाण्यावर आला होता. मी झोपेतच असल्यासारखी मागच्या करड्या पाईपवर हात ठेवला. तो मशीनच्या तळातून निघून, वर चढून, कोपऱ्यातल्या कमरेएवढ्या पिंपाच्या तोंडात सोडलेला होता. पाणी वाया जाऊ नये म्हणून. मला ते इतकं रास्त वाटत आलं होतं की त्याच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मनमाडात वाढलेल्या कुणालाही ते रास्तच वाटलं असतं.

पाईप खालच्या बाजूला जड लागला, भरलेला. मी हात वर वर नेला. एका ठिकाणी तो एकदम हलका झाला. त्याच्या पुढे पिंपापर्यंत सगळा पोकळ. मी पुन्हा झाकणातून डोकावले. मशीनमधलं पाणी आणि पाईपमधलं पाणी, दोन्ही एकाच उंचीला येऊन थांबली होती.

मला हसूच फुटलं. पाणी बिचारं उतरायला तयार होतं आणि आम्ही त्याला चढायला सांगत होतो! या मशीनला पाणी वर फेकायचा पंपच नव्हता. ते नुसतं खालचं दार उघडायचं आणि वाट पाहायचं. आणि पोटातलं पाणी उतरल्याशिवाय फिरायचं नाही, एवढी अक्कल त्याला कंपनीनं दिलेली होती. बिघडलेलं काहीच नव्हतं.

मी पिंपातून पाईप काढला आणि खाली मोरीत टाकला. पाणी भसकन आलं.

"बोळा!" आई ओरडली. ती कधी उठली मला कळलंच नाही. उंबरा ओलांडून आली, खिडकीच्या गजामागून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा एक बोळा काढला आणि मोरीच्या भोकात दाबून बसवला. अगदी मापाचा. मोरी भरायला लागली, आणि आई डब्यानं ते पाणी उपसून पिंपात ओतायला लागली. एक थेंब वाया गेला नाही.

मशीनमधून शेवटचं पाणी गुळगुळत गेलं. क्षणभर शांत. मग आतला ड्रम हळूच वळला, सवय नसल्यासारखा. मग जरा जोरात, मग आणखी जोरात. खाली जमीन हलकेच थरथरायला लागली. मोरीत साचलेल्या पाण्यावर बारीक बारीक रेघा उमटल्या. पाईपमधून आता पिळलेलं पाणी झटके देत येत होतं. आम्ही दोघी नुसत्या पाहत राहिलो. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि एका उंचीवर जाऊन एकसारखा झाला. लहानपणी तापात पडलं की घरातले सगळे आवाज असे लांबून यायचे.

"चाललं की गं आई!" मी तिच्या गळ्यातच पडले. "आता नाही जायला लागणार तुला कुठं!"

"हो ना," आई म्हणाली. "झालं बाई."

तिच्या हातातला डबा पाण्यानं भरलेला होता आणि ती तो ओतायचा विसरली होती.

मशीन थांबल्यावर झाकण उघडलं तर कपडे ड्रमच्या भिंतीला चिकटून बसलेले, मधे नुसती पोकळी. आई एकेक सोडवून बादलीत टाकायला लागली. "जवळजवळ वाळलेच," ती म्हणाली, आणि बादली घेऊन अंगणात गेली.

एवढ्यात बेबीकाकू आल्या. भिंतीला भिंत लागून घर त्यांचं. हातात विरजणासाठी रिकामी वाटी. मोरीतला पाईप आणि बोळा पाहून म्हणाल्या, "लावली का मशीन आज?"

"मी दुरुस्त केलं, काकू!" मी ऐटीत म्हटलं. "पाईप पिंपात होता, म्हणून पाणी उतरत नव्हतं. खाली सोडला, चाललं."

"तू शोधलं?" काकू हसल्या. "काय बाई! अगं, मला तर तुझ्या आईनंच शिकवलं. दिवाळीच्या आधी मपली मशीन अशीच अडू राहिली होती. मी पण पिंपातच पाईप घातलेला. तुझी आई आली, म्हणे बेबी, पाईप खाली सोड, मोरीला बोळा लाव, अन् डब्यानं उपस. हा बोळा पाहिला ना? असाच एक मला करून दिला तिनं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"दिवाळीच्या आधी?"

"मंग! अन् तुमची मशीन तर मंगळवारी, शुक्रवारी चालूच असती की. भिंतीतून घुंऽऽ ऐकू येतं, माझी मांडणीवरची ताटं वाजती." त्या वाटी पुढे करत म्हणाल्या, "थोडं विरजण दे बरं."

मी विरजण दिलं. काकू गेल्या. मी पाटावर येऊन बसले.

पहिल्यांदा मला राग आला, हे सांगायला हवं. थंडीत बसच्या फुटक्या खिडकीतून येणारा वारा, ओली साडी, दुखणारे खांदे, सगळं आठवलं. मंगळवारी, शुक्रवारी ही बाई आरामात मशीन लावते. लुगडी, परकर, रोजचं सगळं धुऊन, पिळून, वाळवून, घडी घालून ठेवते. आणि रविवारसाठी चादरी, अभ्रे आणि दोन-चार कपडे साठवते. शनिवारी रात्री पाईप उचलून पिंपात घालते. मेकॅनिक आला तेव्हा तो खाली सोडला असणार, आणि मी यायच्या आत परत वर.

मग माझ्या डोळ्यांसमोर ती आली, वाकड्या बोटांनी तो जड पाईप उचलताना. आणि राग कुठं गेला कळलं नाही. माझ्या आईला मी हवी होते, आणि 'ये' म्हणायला तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता. लेक दिल्या घरची. तिला नुसतं भेटायला ये म्हणणं तिच्या पिढीत कुणी केलं नव्हतं. कामाला मात्र बोलावता येत होतं. आणि तिच्या या कामाची दादानं अशी काळजी घेतली की आता तिलाच घरातून हलवायची वेळ आली. मशीन चालतं म्हणावं तर रविवार जातो, नाही म्हणावं तर घर जातं. आठवडाभर ती हे कुणालाही न सांगता घेऊन बसली होती.

आई रिकामी बादली घेऊन आत आली.

"बेबी काय म्हणत होती?"

"काही नाही. विरजण मागत होती."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती बादली पालथी घालायला लागली आणि पालथी घालून झाल्यावरही तिथंच वाकून राहिली.

"बरं झालं चाललं ते," ती बादलीशी बोलल्यासारखी म्हणाली. "आता तुला बी बरं. एवढ्या थंडीत येते तू, मला वाईट वाटायचं."

"वाटायचं का?"

"वाटायचं," आई म्हणाली. "पण शुक्रवारपासूनच मला बरं बी वाटायला लागायचं. चादरी काढून ठेवायची मी."

मी तिच्याजवळ गेले. तिच्या पाठीवर हात ठेवला. उन्हाचा चौकोन भिंतीवर चढून पुसट झाला होता. दोरीवर निळी चादर वाळून हलकी झाली होती आणि जराशा वाऱ्यानंही उचलली जात होती.

दिवे लागायच्या वेळेला दादा आला. हातपाय धुऊन आधी मोरीतच शिरला. मी मशीन भरून तयार ठेवलं होतं, ते चालू केलं. पाणी उतरलं, ड्रम फिरला, टुंई झालं. दादानं झाकण उघडून टॉवेल चाचपला आणि लहान मुलासारखा खूश झाला.

"वा! एकदम कोरडा. नुसता पाईपचा घोळ, आणि एवढे महिने! बरं झालं शैला, तू शोधलंस." तो खुर्चीत ऐसपैस बसला. "आता आई, तू इथंच राहा निवांत. तुझा जीव इथं आहे, मला का कळत नाही? आणि शैलाचेही हाल संपले. आता तुला दर रविवारी धावत यायला नको गं."

आई चहाचे कप घेऊन आली होती. तिनं एक त्याच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे, आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. वापी टळली होती. तरी तिचा चेहरा पाहुणे निघून गेलेल्या घरासारखा होता.

मला काही सुचलं नव्हतं. तोंड उघडल्यावर जे आलं ते आलं.

"तसं नाही, दादा. गोधड्या राहिल्याच की."

"त्याही टाका मशीनमध्ये."

"नाही चालत. गोधडी पाणी पिऊन जड होते आणि एका बाजूला गोळा होऊन बसते. फिरायला लागलं की मशीन धडाधड आपटतं, थांबतं, परत पाणी घेतं, परत आपटतं. मोडेल एखाद्या दिवशी. गोधडीला दोन माणसंच लागतात. एकीनं धरायचं, एकीनं पिळायचं."

दादानं चहाचा घोट घेतला. तो कारखान्यातला माणूस, त्याला हे पटलं. तोल गेला की फिरणारं यंत्र आपटतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ते खरं गं. पण गोधड्या काय दर रविवारी धुतं का कुणी?"

मी कपात पाहत बसले.

"मी धुते," दारातून आई म्हणाली.